'फॅमिली गाय'चा वेडेपणा: हसू नेमकं कुठे फुटतं?

नमस्कार मंडळी. आज आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

एक जाडा माणूस खुशीत घराकडे पळत सुटलाय. वाटेत धडपडतो. तिथेच खाली बसून दोन्ही हातांनी गुडघा धरतो. दातांतून श्वास आत ओढतो, 'स्स्स'. मग सोडतो, 'आऽऽ'. पुन्हा 'स्स्स'. पुन्हा 'आऽऽ'. कुणी मदतीला येत नाही, गोष्ट पुढे सरकत नाही.

पहिल्यांदा आपल्याला हसू येतं. मग ते ओसरतं, वाटतं की बास की आता! आणि हा बाबा थांबतच नाही म्हटल्यावर मघापेक्षा दुप्पट हसू फुटतं.

हा पीटर ग्रिफिन. कार्टून मालिका 'फॅमिली गाय', आणि हा भाग 2000 सालचा. या मालिकेबद्दल बरेचजण म्हणतात की यात काय, काहीही दाखवतात. मला ते अजिबात पटत नाही. हे 'काहीही' फार मोजूनमापून केलेलं असतं, आणि तेच आज मला तुम्हाला दाखवायचंय.

थोडी ओळख करून देतो. सेथ मॅकफार्लेन या तेव्हा तरुण असलेल्या अॅनिमेटरची ही निर्मिती. 31 जानेवारी 1999 ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. गाव क्वाहॉग, ऱ्होड आयलंड राज्यातलं, काल्पनिक. क्वाहॉग म्हणजे तिकडच्या किनाऱ्यावर मिळणारी एक जाड कवचाची शिंपली. घरात पीटर, बायको लोइस, मुलं मेग आणि ख्रिस, तान्हा स्टुई आणि कुत्रा ब्रायन. स्टुई लंगोटातलं बाळ, पण बोलतो एखाद्या खानदानी इंग्रजासारखा आणि जग ताब्यात घ्यायचे बेत आखतो. कुत्रा मार्टिनी पितो, पुस्तकं वाचतो. घरातल्या कुणालाही याचं नवल वाटत नाही. पीटर, स्टुई आणि ब्रायन, तिघांचेही आवाज खुद्द मॅकफार्लेनचे. डोळे मिटून ऐकलंत तर विश्वास बसणार नाही.

आता पहिल्याच भागातला कोर्टाचा प्रसंग. न्यायाधीश पीटरला तुरुंगवास सुनावतात. घरचे एकेक करून म्हणतात, 'ओ नो', 'ओ नो'. इतक्यात भिंत फोडून सरबताचा एक भलामोठा लाल जग आत घुसतो आणि ओरडतो, 'ओ येऽऽ!'

शांतता. सगळे त्याच्याकडे बघतात. तो एक शब्द न बोलता हळूहळू मागे सरकत त्याच भगदाडातून निघून जातो.

हा जग तिकडच्या कूल-एड नावाच्या सरबत पावडरच्या जाहिरातीतला. मुलांना तहान लागली की हा भिंत फोडून हजर. अमेरिकेतली पिढी ते बघत मोठी झाली, आपल्याकडे ती आठवणच नाही. म्हणून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंत फुटण्यावर मला काही हसू आलं नाही. हसलो ते त्याच्या मागे सरकण्यावर. चुकून भलत्याच खोलीचं दार उघडल्यावर आपलं जे होतं ना, अगदी तेच! हा सरबताचा जग वेडा आहे, पण त्याचं ओशाळणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या मते या मालिकेचा विनोद इथे आहे. एक गोष्ट अशक्य घ्यायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं अगदी खरंखुरं ठेवायचं.

कोंबड्याची मारामारी घ्या. पीटर आणि माणसाएवढा कोंबडा, अर्नी. 1999 च्या एका भागात गोष्ट मध्येच सोडून दोघं एकमेकांना बेदम बडवतात, थेट अॅक्शन सिनेमासारखं. भांडणाचं कारण? कोंबड्याने मुदत संपलेलं सवलतीचं कूपन दिलं होतं. 2005 मध्ये पुन्हा तेच. 2007 मध्ये तिसऱ्यांदा, पण या वेळी हाणामारी चालू असताना दोघं थांबतात. आपण भांडतोय कशावरून, हेच त्यांना आठवत नाही. मग समेट होतो, कोंबडा आणि त्याची बायको पीटरला जेवायला नेतात, छान गप्पा होतात. शेवटी बिल येतं. 'मी देतो', 'छे, मी देतो'. आणि त्यावरून पुन्हा मारामारी!

हॉटेलात बिलाची हिसकाहिसकी आपल्या प्रत्येक घराने पाहिलीय. आठ वर्षं ताणलेला विनोद असा आपल्या टेबलावर येऊन बसतो. हे लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सगळंच जमतं असं नाही. मोठी मुलगी मेग, तिला घरात जो तो घालूनपाडून बोलतो. तिथे मला हसू येत नाही. तिचं दुखणं खरं वाटतं आणि समोरचा वेडेपणा नुसता दुष्टपणा होऊन बसतो.

2002 मध्ये मालिका बंद पडली होती. डीव्हीडी धडाक्यात खपल्या, दुसऱ्या वाहिनीवर जुने भाग लोकांनी उचलून धरले आणि 2005 मध्ये ती परत आली.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की यांना फक्त असंबद्ध तुकडे जोडता येतात, त्यांनी 2010 चा 'ब्रायन अँड स्टुई' हा भाग बघाच. कुत्रा आणि बाळ बँकेच्या तिजोरीच्या खोलीत अडकतात. मध्येच दुसरीकडे उडी नाही, कोंबडा नाही, पार्श्वसंगीतही नाही. फक्त दोघं बोलत राहतात. बोलता बोलता ब्रायन सांगतो की त्याला जगण्यात अर्थ वाटेनासा झालाय, आणि ते बाळ त्याचं म्हणणं ऐकून घेतं.