वर्गसमीकरण: मधलं पद घालवायचं कसं?

फळ्यावर दोन समीकरणं लिहितो. पहिलं, क्ष² = ४९. दुसरं, क्ष² − १०क्ष + २१ = ०. पहिल्याचं उत्तर तुम्ही लगेच सांगाल: ७ किंवा उणे ७. दुसऱ्यापाशी हात थांबतो. का थांबतो? अव्यक्त दोन्हींत एकच आहे, वर्गही दोन्हींत आहे. फरक इतकाच, की दुसऱ्यात क्ष दोन जागी बसला आहे, एकदा वर्गात आणि एकदा मधल्या पदात. तो एकाच जागी असला तर उलट चालत त्याच्यापर्यंत जाता येतं: मिळवलं असेल ते वजा करायचं, वर्ग केला असेल तर मूळ काढायचं. दोन जागी असला की उलट चालायला वाटच उरत नाही. म्हणून वर्गसमीकरण सोडवणं म्हणजे हे मधलं पद घालवणं. शाळेत सूत्र पाठ होतं आणि नेमकी हीच गोष्ट निसटते, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही म्हणाल, अवयव पाडा की! बेरीज १०, गुणाकार २१, म्हणजे ७ आणि ३. बरोबर. पण आता त्या २१ च्या जागी १ पासून २५ पर्यंत एकेक पूर्ण संख्या घालून बघा. अवयव सरळ पडतात फक्त ९, १६, २१, २४ आणि २५ या पाच संख्यांना. उरलेल्या वीस वेळा तुम्ही जोड्या शोधत बसाल आणि जोडी सापडणार नाही. अवयव पद्धती चालते, कारण पाठ्यपुस्तकातली उदाहरणं तिच्यासाठी निवडलेली असतात. तिच्यावर आपण विद्यार्थ्यांचा जितका वेळ घालवतो तितकी तिची योग्यता नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? दोन मुळांची, म्हणजे समीकरणाच्या दोन उत्तरांची, बेरीज १०, तर त्यांची सरासरी ५. दोन्ही मुळं ५ पासून सारख्याच अंतरावर असणार, एक अलीकडे, एक पलीकडे. त्या अंतराला म म्हणू आणि क्ष च्या जागी ५ + म घालू. वर्गातून २५ + १०म + म² मिळतं. मधल्या पदातून −५० − १०म. शेवटी २१. बेरीज करा: १०म आणि −१०म एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं म² − ४ = ०. मधलं पद गेलं! म म्हणजे २ किंवा उणे २, म्हणून क्ष ७ किंवा ३. आता २१ ऐवजी २३ घ्या. तीच कृती, म² = २, आणि मुळं ५ + √२ व ५ − √२. जोडी शोधून ही कधीच सापडली नसती. इथे मात्र एकही पायरी जास्त लागली नाही.

हे फार जुनं ज्ञान आहे. बॅबिलोनियातल्या, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या एका पाटीवर प्रश्न आहे: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू मिळवली तर पाऊण येतं, बाजू किती? कृती अशी: एक घ्या, त्याचा अर्धा करा, अर्ध्याचा वर्ग पाव, पाव आणि पाऊण मिळून एक, एकाचं मूळ एक, त्यातून तो अर्धा वजा करा. बाजू अर्धा. यात अक्षरं नाहीत, चिन्हं नाहीत, पण पूर्ण वर्ग पद्धती पुरी आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने हीच गोष्ट चित्राने दाखवली. त्याचं उदाहरण क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष म्हणजे क्ष लांबीचा, १० रुंदीचा आयत. त्याचे ५ रुंदीचे दोन तुकडे करा, एक चौरसाच्या उजवीकडे लावा, एक खाली. जवळजवळ मोठा चौरस झाला, फक्त एक कोपरा रिकामा. तो कोपरा ५ बाय ५, म्हणजे २५ चा. तो भरा. ३९ आणि २५ मिळून ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष ३. ‘सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवा’ हे वाक्य आपण घोकतो, ते म्हणजे हा रिकामा कोपरा. वहीत एकदा हे चित्र स्वतःच्या हाताने काढलेला विद्यार्थी ते वाक्य विसरत नाही. अल-ख्वारिज्मीला मात्र ३ हे एकच उत्तर हवं होतं. उणे १३ ही त्या समीकरणात बसतं, पण तेवढ्या लांबीची बाजू काढणार कशी?

वर्गाला सहगुणक असला की विद्यार्थी घाबरतात, कारण भागाकार आला की अपूर्णांक येतात. श्रीधराचार्यांची रीत यावर इतकी सुंदर आहे, की ती वर्गात आधी का शिकवत नाहीत हे मला कळत नाही. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणिता’त ती रीत उद्धृत केली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ३क्ष² + ५क्ष = २ घ्या. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ ने, दोन्ही बाजूंना गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. मधल्या सहगुणकाचा वर्ग, २५, दोन्हीकडे मिळवा. डावी बाजू (६क्ष + ५)² झाली, उजवी ४९. ६क्ष + ५ म्हणजे ७ किंवा उणे ७, म्हणून क्ष एक तृतीयांश किंवा उणे २. शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक नाही. याच पायऱ्या आकड्यांऐवजी अ, ब, क घेऊन, अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणावर केल्या की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळतं. पाठ करायचं सूत्र ते हेच, आणि उजवीकडे जे उभं आहे तो विवेचक.

आता दोन उत्तरांबद्दल. भास्कराचार्यांचं एक उदाहरण: वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे, उरलेले १२ टेकडीवर आहेत. कळप केवढा? उत्तरं १६ आणि ४८, आणि दोन्ही चालतात. पडताळून बघा. लगेच दुसरं उदाहरण: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसतो. उत्तरं ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले तर उणे दोन वानर, आणि लोकांना हे पटत नाही म्हणून ५ सोडून द्यायचं, असं ते सांगतात. समीकरण दोन्ही उत्तरं देतं, निवड प्रश्नाचा अर्थ पाहून आपण करायची. परीक्षेत ऋण उत्तर न पाहताच खोडणाऱ्यांनी ही जोडी शेजारी ठेवून वाचावी.

आणि म² च ऋण आलं तर? बेरीज १०, गुणाकार ४० घ्या. २५ − म² = ४०, म्हणून म² = −१५. इटालियन गणिती कार्दानोने १५४५ सालच्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेतलं आणि ५ + √−१५ व ५ − √−१५ यांचा गुणाकार करून ४० येतात हे दाखवलं. काल्पनिक संख्या छापील पुस्तकात येऊन ठेपल्या त्या अशा, मधलं पद घालवता घालवता.

ही युक्ती घनसमीकरणात चालेल का? करून बघू. क्ष³ − ६क्ष² + ९क्ष + १ = ० मध्ये तीन मुळांची बेरीज ६, सरासरी २, म्हणून क्ष = २ + म घाला. वर्गाचं पद जातं आणि उरतं म³ − ३म + ३ = ०. एक पद गेलं खरं, पण म अजूनही दोन जागी आहे. इथे सरासरीची युक्ती संपते. पुढची युक्ती देल फेर्रो आणि तार्ताल्या या इटालियन गणितींना सापडली, आणि ती कार्दानोच्या त्याच १५४५ च्या ग्रंथात छापली गेली.