रुमालाची गाठ

सोमवार, दुपारचे ३. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीतली ही अभिलेख खोली. लाल रुमालात बांधलेलं हे दप्तर. गाठ जुनी आहे, लिपिकाच्या नखांनाही दाद देत नाही.

फाइल बघायला आलेल्या या आजोबांनी माहिती अधिकाराचा अर्ज केलेला नाही. नोव्हेंबर २०१८चा शासन निर्णय आहे: जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ नागरिकांना दप्तर पाहता येतं. पुणे महापालिकेत हा पायंडा त्याच्याही आधीचा.

पत्रव्यवहार आजोबांनी भराभर उलटला. बोट थांबलं ते टिपणीवर. कोणी काय शेरा मारला, फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, सगळं तारखेनिशी. ‘माझं काम का अडलं?’ असं अर्जात विचारून हाती काही लागत नाही. टिपणीची प्रत मागा, ते ‘का’ तिच्यातच असतं.

प्रत हवी तर मात्र अर्ज. जोडपत्र ‘अ’ हा त्याचा ठरलेला नमुना, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. विषय एकच, शब्द १५०च्या आत. दप्तर कितीही फुगो, आवरतं घ्यायचं ते नागरिकानेच! माहिती कशाला हवी, हे सांगायचं बंधन नाही. कोणी विचारलंच, तर हसून पोच मागायची. आणि आवक शिक्क्यावरची तारीख नीट उमटली का, ते खिडकीपाशीच बघायचं. आमच्या एका अर्जावरचा शिक्का इतका पुसट होता, की अपिलात तारखेवरूनच वाद झाला.

देशातला पहिला माहिती अधिकार अर्ज याच शहरातला: १२ ऑक्टोबर २००५, एक पोलिस ठाणं. राज्याचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधीचा. त्यासाठी अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर २० रुपयांचं तिकीट लावून वरिष्ठांकडे पहिलं अपील. तिथंही नाही भागलं, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. तिथली रांग मोठी आहे.

५ वाजले. आजोबांनी तीन पानांचे क्रमांक बसच्या तिकिटामागे उतरवून घेतलेत. २ रुपये पानाप्रमाणे ६ रुपये, वर अर्जाचं तिकीट. लिपिक रुमाल बांधतोय. या वेळी गाठ जरा सैलच.