दोन सडपातळ डॉक्टर आणि पाठीवरचा चिमटा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गरोदर बाईच्या ताटाविषयी आणि तिच्या लेकराच्या अंगावर साठणाऱ्या चरबीविषयी. पण आधी एका फोटोची गोष्ट. मी ती इतक्यांदा सांगितलीय की घरचे आता उठूनच जातात.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो फोटो छापून आला. दोन डॉक्टर. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघंही सडपातळ. उंचीच्या हिशोबात वजन बसवून बीएमआय काढला, तर दोघांचा सारखाच, २२.३. मग अंगातली चरबी मोजली. युडकिनसाहेबांची ९.१ टक्के. आणि याज्ञिकांची? २१.२! परत सांगते, बीएमआय तोच, चरबी दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून हे ‘वाय-वाय’ कोडं. स्वतःच्या अंगातली चरबी जगापुढे मांडायला छाती लागते हो. आमच्याकडे स्थळाच्या माहितीत उंचीसुद्धा दोन इंच वाढवून लिहितात!

तर ही चरबी येते कुठून? याज्ञिकांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीचा चिमटा घेऊन जाडी मोजली, तर तिथे मात्र फारसा फरक नाही. किडकिडीत बाळ, पण चरबी राखून आलेलं.

पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणी आईच्या रक्तात फोलेट (हे एक जीवनसत्त्व, फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं तेच) जास्त, त्या मुलांत चरबी जास्त. आणि फोलेट भरपूर पण बी-१२ हे दुसरं जीवनसत्त्व कमी, अशा आयांच्या मुलांत रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं काम सर्वांत मंद. तीनपैकी दोन आयांचं बी-१२ कमीच होतं. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची नाही हं, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती हवीच. जोडीला बी-१२ हवं. बी-१२ पालेभाजीत नसतं, ते दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. पुन्हा ऐका: पालेभाजीत नसतं.

डोहाळजेवणाला फुलांचा झोपाळा, धनुष्यबाण, फोटोवाला, सगळा थाट असतो. आणि दारची म्हैस असूनही दूध जातं डेअरीत, सुनेच्या वाट्याला चहापुरतं. उद्या सकाळी डेअरीची किटली भरण्याआधी तिचा पेला भरा. येते, नमस्कार.