आराखड्याआधी पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली ५६ फुटांच्या वर. शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे तपासायला बसलं की सुरुवात या आकड्यांपासूनच करावी लागते.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचना. या सगळ्यात आराखड्याच्या पर्यावरणीय परिणामांचं वेगळं मूल्यमापन सक्तीचं नाही. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनं ते मागितलंय प्रकल्पांकडून, म्हणजे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांकडून. आता एकाच ओढ्याच्या काठाला १५,००० चौरस मीटरच्या दहा इमारती झाल्या असं धरा. दीड लाख चौरस मीटर बांधकाम होतं, पण एकालाही पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यांची बेरीज करण्याची जागा आराखडा हीच आहे. तिथं राहून गेली, तर पुढं कुणी करत नाही.

कामाची पहिली पायरी म्हणजे जमिनीची उंची. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण २० मीटरच्या फरकानं असतात. इथं तर एका फुटानं अख्खी गल्ली पाण्यात जाते. त्यामुळं नदीकाठच्या पट्ट्यात उंचीतला अर्ध्या मीटरचा फरकही कळेल अशी मोजणी करून घ्यावी, आणि भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा त्याच पातळीशी जुळवून पाहाव्यात. मग निळी रेषा, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, या दोन्ही गट नंबरांच्या नकाशावर उतरवायच्या. चूक नेमकी इथं होते. पूररेषेचा नकाशा एका खात्यात, आरक्षणांचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी राखली त्याचा, दुसऱ्या खात्यात. दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले जात नाहीत, आणि निवासी पट्टा पुराच्या जागेवर जाऊन बसतो.

त्यानंतर भराव. एक एकर मळीची, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन मुरूम टाकून दीड मीटर उचलली, की सुमारे ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजारच्या खालच्या घरात शिरतं. स्वतःचं जोतं पुराच्या वर उचलणारा माणूस नियमात असू शकतो. पण अशा शंभर एकरांचा एकत्रित परिणाम तपासलाच पाहिजे, आणि माझ्या मते निळ्या रेषेच्या आत भरावाला अजिबात जागा ठेवू नये. नदीला आडव्या जाणाऱ्या रस्त्यांचंही तेच. भराव घालून रस्ता केला तर तो बांधासारखा पाणी तुंबवतो. तिथं रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांची रुंदी पुराच्या प्रवाहावरून काढावी लागते.

पाणी नुसतं नदीकडून येत नाही. एका हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ५ लाख लिटर पाणी झालं. शेतातून त्यातलं साधारण दीड लाख लिटर वाहून जातं. त्याच जागी छपरं, फरश्या आणि डांबर आलं की साडेचार लाख. नाला मात्र होता तेवढाच, कधी पाइपात कोंबलेला. म्हणून प्रत्येक नाल्याची वरची रुंदी, तळाची रुंदी, खोली आणि उतार दर शंभर मीटरला मोजावा. मोरीपाशी तर थांबून बघावंच. तिथं नारळाच्या करवंट्या, प्लास्टिक आणि गाळ अडकून निम्मं तोंड बुजलेलं असतं, आणि कागदावर मात्र मोरीची पूर्ण क्षमता धरलेली असते.

सांडपाण्याचा हिशेब त्या मानानं सोपा. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्याचं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. लोकसंख्या एक लाखानं वाढणार असेल, तर रोज १ कोटी ८ लाख लिटर जादा सांडपाणी शुद्ध करण्याची सोय हवी, आणि घरं त्या सोयीच्या आधी भरता कामा नयेत. नुसती शुद्धीकरण केंद्राची क्षमता वाढवून भागत नाही. घरापासून केंद्रापर्यंत ड्रेनेज लाइन नसेल तर मैला जयंती नाल्यात आणि पंचगंगेत जातो. नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजी आहे. २०१२ ची काविळीची साथ तिथले लोक विसरलेले नाहीत. म्हणून तपासणीची हद्द महापालिकेच्या सीमेवर संपवू नये. लगतच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून वेगळं प्राधिकरण आहे. पाण्याला मात्र ती हद्द माहीत नाही. नमुनेही एकदाच घेऊन चालत नाही. ऐन उन्हाळ्यात नदी रोडावलेली असताना, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, असे तिन्ही वेळा घ्यावेत.

हे सगळं हाताशी आलं की किमान तीन पर्याय मांडायचे : आहे तशी वाढ, उंच माळाकडे वळवलेली वाढ, आणि जुन्या वस्तीतच दाट वाढ. माळावर वाढ नेली तरी तिचं पाणी उतारानं खालच्या पेठांकडेच येतं, तेव्हा तिथं पाणी साठवायच्या जागा आधी राखाव्या लागतात. प्रत्येक उपायापुढं खर्च, खातं आणि वर्ष लिहिलेलं हवं.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकत नुसती ‘नदी वाचवा’ अशी लिहू नका. गट नंबर लिहा, जवळच्या नाल्याचं नाव लिहा, २०१९ आणि २०२१ ला तिथं किती फूट पाणी होतं ते लिहा, भिंतीवरच्या खुणेचा फोटो टेप लावून काढा आणि जोडा. अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला तो फोटो घेऊन जा.