मागे राहिलेला पाचवा

(दृश्य: पहाटेची तलावपाळी. पाण्यावर दिव्यांचा उजेड.)

ठाण्याच्या तलावपाळीवर चालायला येणाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्यात. चहावाल्याचा स्टोव्ह पेटलाय. जवळच्याच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये सकाळच्या मिस्साची, म्हणजे प्रार्थनाविधीची, घंटा झाली आणि एक मावशी आपल्या ठरलेल्या बाकावर येऊन टेकल्या.

(दृश्य: मावशींचे हात.)

त्यांच्या हातातली रोझरी, म्हणजे जपमाळ, जरा नीट बघा. एक मणी गळालाय, त्या जागी शर्टाचं पांढरं बटण ओवलंय. नवऱ्याच्या शर्टाचं. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. अंगात बंडी. शर्ट घालायची वेळच येत नाही. "मग बटण कशाला फुकट घालवायचं?" असं मावशींचं म्हणणं.

(दृश्य: खाडी, ओहोटीचा चिखल, नांगरलेल्या होड्या.)

सातशे वर्षांपूर्वी ठाण्याला एक जहाज लागलं. हॉर्मुझहून निघालेलं. त्यावर फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चौघे होते, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि टिफ्लिसचा डिमेट्रियस. पाचवा जॉर्डन, डॉमिनिकन या तशाच दुसऱ्या संघाचा. जायचं होतं केरळात, कोल्लमला. वाऱ्याने आणून टाकलं ठाण्यात. इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्या एका घरात ते उतरले. जॉर्डन भडोचच्या वाटेने पुढे गेला.

मागे त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरात उतरलेले पाहुणे. एवढ्या घरगुती कारणावरून त्यांना बोलावणं आलं आणि बोलणं वळलं धर्मावर. एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले.

ही हकिगत लिहून ठेवली ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने. नंतर काही काळाने तो ठाण्यात आला आणि चौघांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. ठाण्यातले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांना ते आवरत नाहीत, असंही त्याने लिहिलंय. घुशी पाहिलेला ठाणेकर त्याला खोटारडा म्हणणार नाही.

(दृश्य: चर्चची वेदी. मेणबत्त्या.)

रक्तसाक्ष्यांना, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्यांना, मान मिळतो, मिळायलाच हवा. थॉमसला १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली. माझं मन मात्र अडकलं ते जॉर्डनपाशी. तो परतला तेव्हा सोबती गेलेले. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले, आजच्या नालासोपाऱ्यात. आणि इथेच राहिला. एकटा.

जानेवारी १३२४ मध्ये त्याने ठाण्याहून आपल्या बांधवांना पत्र लिहिलं. त्यात वीरश्री शोधू नका. चाच्यांनी पकडलं, कैदेत पडलो, शिव्याशाप खाल्ले, संघाचा झगा गेला, नुसत्या सदऱ्यावर हिंडतोय. डोकं दुखतं, छाती दुखते, पोट दुखतं. आणि या सगळ्याहून मोठं दुखणं एकच, त्या वेळी आपण चौघांबरोबर का नव्हतो! असं कण्हणारा हा माणूस हातचं काम सोडून मात्र गेला नाही. १३२९ मध्ये पोपनी त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. मुळात निघाला होता तिथलाच.

बायबलमधला ईयोब, काही दोष नसताना सगळं गमावलेला माणूस, तोही काही गप्प बसून सोसत नाही. स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. गोष्टीच्या शेवटी देवाचा कोप होतो, पण ईयोबाच्या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन त्याला उपदेश पाजणाऱ्यांवर.

(दृश्य: मिस्सा संपल्यावरचं रिकामं चर्च. मावशी अजून बसलेल्या.)

मावशींना विचारलं, देवाचा राग येत नाही?

"येतो की. रोज भांडते त्याच्याशी. घरी हे झोपलेले असतात, तिथे आवाज कसा चढवायचा? म्हणून इथे यायचं."

बटणापाशी अंगठा थांबला, पुढे सरकला. मग रोझरी पिशवीत गेली. जांभळी नाक्यावरून भाजी घ्यायचीय. आठ वाजता नवऱ्याची कूस बदलायची असते, आणि शेजारीण तेवढ्यापुरतीच बसते.

(दृश्य: रस्ता ओलांडणाऱ्या मावशी, पाठमोऱ्या.)