दगड वाकतो, दगड तुटतो

पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला ट्रेनने निघालात की कर्जत सोडल्यावर खिडकीतून डोंगर नीट बघा. काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेत, थालीपीठांची चळत ठेवावी तसे, आणि बहुतेक सगळे आडवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हापुन्हा वाहिला, पसरला, गार झाला, त्याचे हे थर.

आता हेच थर पनवेलच्या पट्ट्यात आणि मुंबईकडे बघा. इथे ते आडवे नाहीत, समुद्राकडे कललेत, कुठे ५-१० अंश, कुठे त्याहून जास्त. भूगर्भवाले याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, फ्लेक्शर म्हणजे वाक. लाव्हा तर सपाटच पसरला होता, मग याला वाकवलं कोणी?

तर झालं असं, की तेव्हा पश्चिमेला आपल्याला चिकटून सेशेल्सचा, म्हणजे आज हिंदी महासागरात लांब असलेल्या बेटांचा, तुकडा होता, आणि जमीन दोन्हीकडून ताणली जात होती. ताणली की पृथ्वीचं कवच पातळ होतं, तुटतं आणि खचतं. सेशेल्स हळूहळू लांब गेलं, मध्ये समुद्र आला, आणि आपली कड त्या बाजूला झुकली.

लोणावळा येतंय म्हणून चिक्कीचंच उदाहरण घेऊ. पाक गरम असताना ओढा, लांबतो, वाकतो. गार झाला की वाकवायला गेलात तर कडकन तुकडा. कवचाचं पण तसंच, खोलवर उष्णता आणि दाब इतका की दगड लाखो वर्षांत हळूहळू वळतो, वरचा गार दगड मात्र तडकतो. म्हणूनच हा पट्टा भेगांनी भरलेला आहे, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं पण अशाच भेगांमुळे, पाणी खोल जातं, तापतं आणि वर येतं.

ही झाली ताणाची गोष्ट. दाबाची बघायची तर देवघरात जा, शाळिग्राम असेल तर हातात घ्या. गंडकी नदीतला तो काळा दगड आणि आतलं चक्र म्हणजे समुद्रातल्या प्राण्याचा शंख, आणि ती नदी येते हिमालयातून! भारत उत्तरेला सरकत आशियावर आदळला, मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर उचलला गेला. ढकलणं अजून चालू आहे, वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर.

हे सगळं तिकडे लांब उत्तरेत, आपलं पठार पक्कं, असं आपण खूप वर्षं धरून चाललो. भूकंपाच्या नकाशावर लातूरचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. भूकंप रिश्टरवर ६ च्या जरासा वर, म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा नाही, पण उगम खूप उथळ. आणि घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात तेच माळवद थंडावा द्यायचं. लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) मिळून जवळजवळ १०,००० माणसं गेली.

खाली काय झालं होतं? त्याच उत्तरेकडच्या दाबाने पठारातली एक जुनी कमजोर जागा चेपली जात होती. दगड थोडा थोडा दबतो, जोर साठवतो, बांबूची काठी वाकवावी तसा, आणि मग भेगेवर घसरतो, इथे एक बाजू दुसरीवर चढली. शेतात काही ठिकाणी जमीन उचलली गेलेली दिसत होती. काही सेकंदांचं काम, पण तयारी किती वर्षांची असेल.

कोयनेची तऱ्हा वेगळी. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६.३ चा, तिथे दगडाच्या दोन बाजू मुख्यतः आडव्या, एकमेकींना घासून सरकल्या. धरण १०३ मीटर उंच, त्याच्यामागे शिवसागर जलाशय, त्या पाण्याचं वजन आणि भेगांमध्ये मुरलेल्या पाण्याचा दाब यामुळे आधीच ताणात असलेली भेग सुटली असं मानतात. 'धरणाने भूकंप केला' असं सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही, जोर आधीचाच होता, पाण्याने फक्त बोट लावलं.

तिथे नंतरही धक्के बसतच राहिले, म्हणून शास्त्रज्ञांनी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर नुसता लाव्हाच लागला, आणि तो संपल्यावर वाळू नाही, माती नाही, थेट ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक. कोयनेची ती भेग या जुन्या खडकात आहे, आणि धक्के तिथूनच येतात.