पेटीतला इटली स्टार

श्रोतेहो, नमस्कार. माझे आजोबा, ज्यांना आम्ही बापू म्हणत असू, सोलापुरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ आले की सायकलवरून उतरत आणि चौक ओलांडेपर्यंत ती हातात धरून चालत. ज्या सरकारने मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, त्याच सरकारच्या पलटणीत पुढे बापू भरती झाले, ही गोष्ट आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि रस्त्यावरचे खाकी शिपाई त्यांनी दाराच्या फटीतून पाहिले होते. तरीही ते गेले. वडील गिरणीत बदली कामगार होते, बोलावणे येईल त्या दिवसाचीच मजुरी. पलटणीचा पगार मात्र ठरलेला होता. याहून मोठे कारण शोधू नये, असे मला वाटते.

बेळगावचे प्रशिक्षण संपवून, इराकमार्गे, ते मराठा पलटणीबरोबर इटलीत पोहोचले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या लढाईत त्यांच्याच बटालियनमधील, नगर जिल्ह्यातील निमजचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई, नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून अलीकडे आणले, मशीनगनची ठाणी मोडली आणि हाताला जखम असतानाही बांधावर चढून शिवरायांचा जयघोष करत मागच्यांना हाक दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ती हाक ऐकून नदीत उतरलेल्यांपैकी बापू एक होते. स्वतःविषयी ते एवढेच सांगत की पाणी फार थंड होते आणि बूट चिखलात रुतत होते.

१९४६ मध्ये ते परतले. पंधरा वर्षांची नोकरी न भरल्याने पेन्शन बसली नाही, म्हणून त्यांनी रात्रपाळीची राखणदारी धरली. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना राज्य सरकारचे मानधन सुरू झाले, तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते.

पदके पत्र्याच्या पेटीत गोधड्यांखाली असत. त्यांतल्या इटली स्टारची लाल, पांढरी, हिरवी फीत पाहून आजी विचारी, हा कुठला झेंडा? आम्ही मुले ते तारे खेळायला मागत असू. बापू देत, आणि दिवेलागणीला मोजून पुन्हा पेटीत ठेवत.